जुनी कॅरेरा, मामाची हॅरिअर आणि ६.३ सेकंद

प्रश्न देवगडच्या एका मुलाचा आहे. रत्नागिरीत मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. पुण्याच्या मामाने टाटाची इलेक्ट्रिक हॅरिअर घेतली, चारही चाकांना ताकद जाणारी. कंपनी सांगते, ० ते १०० ला ६.३ सेकंद. आणि याच्या वाचनात आलं की १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस, तिची टूरिंग आवृत्ती, तीही ६.३ सेकंदच घेते. त्यावर तो लिहितो, "काका, शर्यतीतून आलेल्या गाड्या म्हणून लोक यांना डोक्यावर घेऊन नाचतात. इथे मामाची घरची गाडी, मागे आजी बसलेली, एसी चालू, आणि तरी बरोबरी. मग ते सगळं कौतुक पोकळच ना?"

आधी एक. आजी मागे बसलेली असताना मामाने ६.३ काढायला जाऊ नये.

आता तुझ्या प्रश्नाकडे. दोन्ही आकडे खरे आहेत. एवढंच नाही, मी तुझ्या हातात अजून एक काठी देतो. त्याच कॅरेराची हलकी आवृत्ती होती, ९६० किलोची, ती ५.८ सेकंद घ्यायची. २०२५ मध्ये आपल्याकडे फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली, २६५ हॉर्सपॉवर, पुढची चाकं ओढणारी, मागे तीन माणसं बसतील अशी. तिचा आकडा ५.९. म्हणजे ज्या गाडीसाठी आज लोक बंगले विकतील, तिच्या जवळपास एक हॅचबॅक येऊन उभी राहिली. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

मी सव्वीस वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या जुन्या गाड्या उघडल्या आणि परत जोडल्या. आता पावस रस्त्याला शेड आहे, काम कमी आणि गप्पा जास्त. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत जग्वार बऱ्याच, एमजी भरपूर, सत्तरच्या दशकातली ९११ एकच. तेव्हा जिथे हाताने केलंय तिथे तसं सांगेन, बाकी या धंद्यात राहून कळलेलं.

० ते १०० हा आकडा म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीत सुटताना कोण पुढे होतं एवढंच बघून घरी जाणं. शिवाय तो कोणाच्या पायातून आला तेही बघावं लागतं. इलेक्ट्रिक मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देते, चार चाकांवर तो वाटला जातो, कुठलं चाक घसरतंय हे कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा तपासतो. मामा पहिल्याच प्रयत्नात आकड्याच्या जवळ जाईल, त्याला काही येत नसलं तरी. कॅरेरामध्ये इंजिनाचे आरपीएम चढवायचे, क्लच अंदाजाने सोडायचा, मागची दोन चाकं किती फिरू द्यायची ते तळपायाने ठरवायचं, आणि मग गिअर टाकायचा. ६.३ हा मुरलेल्या ड्रायव्हरचा आकडा. तू किंवा मी बसलो तर पहिल्या दिवशी सातच्या पुढे जाऊ आणि वर क्लच प्लेट जळाल्याचा वास येईल. नव्या गाड्यांची खरी कमाई ती ही, की जोर सगळ्यांच्या पायात आला. ती लहान नाही.

पण तुझ्या प्रश्नात "शर्यतीतून आलेली" हा शब्द आहे, आणि तो तू नुसता जोराशी जोडलास. तिथे घोळ आहे.

त्या काळी नियम असा होता की एखाद्या वर्गात गाडी शर्यतीला उतरवायची, तर तिचे ठरावीक नग आधी रस्त्यावरच्या गिऱ्हाइकासाठी बनवून दाखवा. याला होमोलोगेशन म्हणतात. कॅरेरा आरएससाठी ५०० हव्या होत्या. पोर्शेच्या विक्री खात्याला धाकधूक होती की एवढ्या कोण घेणार. शेवटी १५८० झाल्या. ही गाडी बनवताना त्यांनी जे काढलं त्याची यादी जे घातलं त्यापेक्षा लांब आहे. पत्रा पातळ, काचा पातळ, हलक्या आवृत्तीत मागची सीट नाही, घड्याळ नाही, दार ओढायला नुसता पट्टा. घातलं काय, तर २६८७ सीसीचं २१० हॉर्सपॉवरचं इंजिन, मागे थोडी रुंद चाकं, आणि मागच्या इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उचललेला भाग. वेगात मागचा भाग हलका होऊन उचलू पाहायचा, ते या शेपटीने कमी झालं.

हिचीच शर्यतीची बहीण, आरएसआर, १९७३ ची टार्गा फ्लोरिओ जिंकली. ही शर्यत तुला माहीत असायला हवी, कारण ती आपल्यासारख्या रस्त्यावर व्हायची. इटलीच्या सिसिली बेटावरचा डोंगराळ रस्ता, एक फेरी ७२ किलोमीटरची, मध्ये गावं लागतात, लोक ओट्यावर बसून बघतात, कठड्यापलीकडे दरी. आंबोली, आंबा, कुंभार्ली आणि भुईबावडा हे घाट एकमेकांना जोडले आणि मध्ये चार वाड्या घातल्या असं समज. अशा अकरा फेऱ्या. फेरारी आणि अल्फा रोमिओने खास शर्यतीसाठीच बनवलेल्या, आरएसआरपेक्षा कितीतरी वेगवान गाड्या आणल्या होत्या. त्या एकेक करून बाद झाल्या. व्हॅन लेनेप आणि म्युलर ही जोडी पोर्शे घेऊन जवळजवळ सात तास ताशी ११५ च्या आसपास सरासरीने चालवत राहिली आणि जिंकली. जिचा सांगाडा रोजच्या ९११ चा होता ती जिंकली.

तेव्हा शर्यतीने गाडीला काय दिलं, तर पिकअप सगळ्यात शेवटी. आधी दिलं ते न तुटणं, न तापणं आणि वेळेवर थांबणं. या तीन गोष्टी ० ते १०० मध्ये कुठेच दिसत नाहीत.

थांबण्यापासून सुरू करू. १९५३ साली फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारने सी-टाइप या आपल्या शर्यतीच्या गाडीला डिस्क ब्रेक लावले. डनलॉपने ते विमानांच्या कामातून आणले होते. बाकीच्या बहुतेकांचे ड्रम. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ड्रमवाल्यांना आधीपासून ब्रेक लावायला लागायचा, आणि रात्र उलटली की ड्रम तापून लायनर पकडायचे बंद. जग्वार शेवटपर्यंत उशिरा ब्रेक लावत राहिली, पहिली आणि दुसरी आली. आठ वर्षांनी, १९६१ मध्ये, जग्वारचीच ई-टाइप रस्त्यावर आली तेव्हा चारही चाकांना डिस्क होत्या, आणि मधला पत्र्याचा सांगाडा व पुढची इंजिन धरणारी चौकट ही कल्पना ल माँ जिंकलेल्या डी-टाइपची.

आता या ई-टाइपची माझी गोष्ट. १९९७ चा मे संपत आला होता. कोल्हापूरच्या एका मालकांची ३.८ लिटरची ई-टाइप मी तयार केली होती. इंजिन उघडून बसवलं. तिन्ही एसयू कार्बुरेटर रबरी नळी कानाला लावून, हवेचा सूं आवाज तिघांचा सारखा येईपर्यंत जुळवले. ते काम मला अजून आवडतं, मशीनपेक्षा कान बरा. गाडी रत्नागिरीला एका लग्नात न्यायची होती. आंबा घाट उतरायला लागलो. मालक शेजारी. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पॅडल मऊ लागायला लागलं, आणि पुढच्या वळणाला ते सरळ तळाला गेलं.

झालं असं होतं की गाडी दोन पावसाळे शेडमध्ये उभी होती आणि मी ब्रेकचं तेल बदललं नव्हतं. ते तेल हवेतलं पाणी पितं, आणि आपल्या हवेत पाणी पाजायला कोणाला सांगावं लागत नाही. पाणी मिसळलं की तेल लवकर उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. त्यात ई-टाइपच्या मागच्या डिस्क चाकात नसतात, मध्ये डिफरन्शियलला, म्हणजे ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या पेटीला, चिकटून असतात. चाकाकडचं वजन कमी व्हावं म्हणून केलेली शर्यतीतली युक्ती. पण तिथे हवा लागत नाही, उष्णता साचते, डिफरन्शियलची सीलं भाजून निघतात. आणि त्या ३.८ च्या जुन्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरचं सिंक्रोमेश नाही, म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर दोनदा क्लच मारून, मध्ये आरपीएम चढवून टाकावा लागतो. ते मला येत होतं म्हणून आज हे लिहितोय. पहिला पडला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला गटारात चाक घालून थांबलो. मालक काही बोलले नाहीत. अर्धा तास गाडी निवू दिली, मग साखरप्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्यातच उतरलो, तिथे त्यांनी चहा पाजला, आणि त्यानंतर मी कुठलीही गाडी ब्रेकचं तेल बदलल्याशिवाय शेडबाहेर काढली नाही.

त्या दिवशी त्या गाडीचा परफॉर्मन्स किती होता सांग बघू. कागदावर २६५ हॉर्सपॉवर आणि ताशी १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर. (ते २६५ सुद्धा इंजिन बाकडावर ठेवून, अंगावरचं ओझं काढून मोजलेले. चाकाशी त्यातून बरंच गळतं. आणि १५० मैलांचा आकडा नियतकालिकांना दिलेल्या, नीट निवडून तयार केलेल्या गाडीचा.) जुन्या गाडीचा आकडा हा ती नवी असतानाचा असतो. साठ वर्षांनी तो आकडा मेकॅनिकच्या हातात असतो, आणि कधीकधी त्याच्या आळसात.

आता मामाची हॅरिअर त्याच घाटात उतरव. गाडी दोन टनांहून जड आहे, म्हणजे हलक्या कॅरेराच्या दुपटीपेक्षा जास्त. त्याच वेगावरून थांबवायला दुप्पट उष्णता झाली पाहिजे. पण ती बरीचशी ब्रेकवर येतच नाही. पाय उचलला की मोटरच जनरेटर होते, गाडी रोखली जाते आणि बॅटरी भरते. डिस्क थंड राहतात. फक्त घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून उतरायला लागलास, तर भरायला जागा नसते आणि हा रोध कमी मिळतो, एवढं मामाला सांगून ठेव. इथे मी जुन्या गाडीची बाजू घेणार नाही. घाट उतरताना कुठली हवी असं विचारलंस तर हॅरिअर.

पण मला विचारशील की पन्नास वर्षांत सगळ्यात जास्त काय सुधारलं, तर मी इंजिन म्हणणार नाही, मोटर नाही, कॉम्प्युटरही दुसऱ्या नंबरवर. मी टायर म्हणेन.

वही काढ. वळणात गाडीचा कमाल वेग हा पकडीचा गुणांक, गुरुत्वाकर्षण आणि वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. यात हॉर्सपॉवर कुठेच नाही. घाटातलं वळण २५ मीटर त्रिज्येचं धर. जुन्या टायरची कोरड्या रस्त्यावरची पकड ०.८ धरली तर वेग निघतो सेकंदाला १४ मीटर, ताशी ५०. आजच्या चांगल्या स्पोर्ट्स टायरची १.१ धर, तर ताशी ५९. मधल्या काळात इंजिनाची ताकद अडीचपट झाली आणि वळणातला फरक नऊ किलोमीटर, तोसुद्धा रबरामुळे. आता थांबायचं अंतर काढ, वेगाचा वर्ग भागिले (दोन गुणिले पकड गुणिले गुरुत्वाकर्षण). ताशी १०० वरून ०.८ ला ४९ मीटर येतात, १.१ ला ३६. तेरा मीटर म्हणजे एसटी आडवी आली तर तिच्या अलीकडे थांबणं किंवा तिच्यात घुसणं. पावसात दोन्ही आकडे वाढतात, पण जुन्याचे जास्त वाढतात, कारण आजच्या रबरात सिलिका असते आणि ते ओल्यातही चिकटतं, वर एबीएस चाक जाम होऊ देत नाही. आजच्या धर्तीचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ ला मर्सिडीजच्या एस-क्लासवर आलं. कॅरेरात तुझा पायच एबीएस.

कॅरेराचे टायर पुढे १८५ आणि मागे २१५ मिलिमीटर रुंद. आज तिची वारस म्हणावी अशी ९११ जीटी३, २०२१ ची, हिचे पुढे २५५ आणि मागे ३१५. पुढचा टायरसुद्धा जुनीच्या मागच्यापेक्षा रुंद. मी म्हणतो ते खोटं वाटत असेल तर उलटं करून बघता येतं. पिरेलीसारख्या कंपन्या जुन्या गाड्यांसाठी त्याच मापाचे, त्याच नक्षीचे टायर आजच्या रबरात बनवतात. ते चढवले की तीच गाडी, तेच इंजिन, तोच ड्रायव्हर, आणि वळणात वेगळीच गाडी वाटते. अर्थात फुकट काही मिळत नाही. पकड वाढली की ताण पुढे सरकतो, हबवर, बुशवर, शॉकअपवर. ई-टाइपच्या तारांच्या चाकांत तर मी स्पोक सैल झालेले आणि एकदा तुटलेले पाहिलेत. समुद्राकाठच्या गाडीत ते आतून गंजलेले असतात, वरून क्रोम चकचकीत. नखाने वाजवून बघायचे, सतारीसारखा सूर आला पाहिजे. भद्द आवाज आला की तो गेला.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, पण एक जोडी अशी आहे की ती सोडवत नाही. फेरारी २५० जीटीओ, १९६२ ते ६४, तीन लिटरच्या ३६ बनल्या. नावातलं २५० म्हणजे एका सिलिंडरचे साधारण सीसी; बारा सिलिंडर, एकूण २९५३ सीसी, सहा वेबर कार्बुरेटर, ३०० च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आत. आणि मागे काय, तर सरळ एक्सल आणि पाटे, ट्रकला असतात त्या जातीचे. आजची २९६ जीटीबी घे. तिचं इंजिन २९९२ सीसी, जवळपास तेवढंच. सिलिंडर मात्र सहा, दोन टर्बो, आणि नुसत्या इंजिनाचे ६६३ हॉर्सपॉवर. वर इलेक्ट्रिक मोटर धरून ८३०. तेवढ्याच पोटात दुपटीहून जास्त ताकद, आणि ती ट्रॅफिकमध्ये तापत नाही, सकाळी बटण दाबलं की चालू होते. हे धातूशास्त्र, इंधन थेंबाथेंबाने मोजणारे इंजेक्टर आणि नॉक, म्हणजे सिलिंडरमधली अवेळी होणारी ठोक, ऐकणारे सेन्सर यांचं काम. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारायची कल्पना मात्र नवी नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ती होती, तीही १९५२ च्या शर्यतीच्या गाडीची पोरगी. तिचे दरवाजे पंखांसारखे वर उघडतात ते दिसायला छान म्हणून नव्हे. नळ्यांचा सांगाडा कडेला इतका उंच होता की नेहमीसारखं दार बसेना. तिचा पंप यांत्रिक होता, त्यामुळे चावी बंद केली तरी इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल फवारतच राहायचा. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळायचं. शर्यतीत इंजिन तासन्‌तास तापलेलं, मिसळलेलं पेट्रोल उडून जातं. गिऱ्हाइकाने भाजी आणायला नेली की ऑइल पातळ. शर्यतीचा भाग रस्त्यावर आला की असे प्रश्नही बरोबर येतात, आणि जुन्या गाड्यांत ते कोणी गाळून घेतलेले नसायचे.

नव्या गाड्यांत ते गाळून येतात. "आताच्या गाड्यांत शर्यत उरली नाही, नुसते स्टिकर" असं माझ्याच वयाचे लोक म्हणतात, ते मला पटत नाही. जीटी३ चं पुढचं दुहेरी विशबोन सस्पेन्शन, म्हणजे चाक वरखाली दोन दांड्यांनी धरायची रचना, पोर्शेने आपल्या अलीकडच्या आरएसआर या ल माँच्या गाडीवरून घेतलं. तिचं चार लिटरचं, ९००० आरपीएमपर्यंत ओरडणारं ५१० हॉर्सपॉवरचं इंजिन जवळजवळ आहे तसं त्यांच्या कप शर्यतीच्या गाडीत बसतं. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा वेढा तिने ७ मिनिटांच्या आत, ६ मिनिटं ५९.९ सेकंदांत मारला. हे स्टिकरचं काम नाही.

गंमत दुसरीकडे आहे. फेरारीची २९६ जीटी३ ही शर्यतीची गाडी. नियमात बसत नाही म्हणून तिच्यातली इलेक्ट्रिक मोटर काढून टाकली, ताकद सहाशेच्या आसपास राहिली. म्हणजे दुकानातली गाडी ८३० ची आणि शर्यतीतली ६०० ची! तरीही ट्रॅकवर शर्यतीचीच पुढे, कारण ती हलकी आहे, स्लिक, म्हणजे बिननक्षीचे, टायर आहेत आणि हवा तिला जमिनीला दाबते. १९६२ मध्ये शर्यतीची गाडी म्हणजे आहे ती सगळी ताकद. आज नियम सगळ्यांना एका रांगेत आणायला ताकद कापतात. म्हणून जुन्या-नव्याची तुलना हॉर्सपॉवरने करशील तर शर्यतीतल्या गाडीलाच हरवून बसशील.

वजनाचं मात्र जुन्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे. पोर्शेची जीटी३ हाताच्या गिअरची घेतली तर १४१८ किलो. हलक्या कॅरेरापेक्षा साडेचारशे किलो जास्त, म्हणजे हापूसच्या पंचवीसेक लाकडी पेट्या कायमच्या लादलेल्या. त्यातला मोठा भाग तुला वाचवण्यासाठी आहे, दारातल्या पट्ट्या, एअरबॅग, मोठे ब्रेक, त्यामुळे तक्रार करता येत नाही. पण हलकेपणा अंगाला कळतो. शोलावरमला, चेन्नईजवळच्या जुन्या धावपट्टीवर, ऐंशीच्या दशकात मी मदतनीस म्हणून गेलो होतो. तिथे फायबरच्या अंगाची सिपानी डॉल्फिन, ८४८ सीसी, फियाटच्या नाकावर टिच्चून वळणात आत शिरताना बघितली. सरळ रस्त्यावर फियाट परत पकडायची. तेव्हापासून मी गाडीचं वजन आधी विचारतो आणि इंजिन नंतर.

आता तुझ्या रोजच्या रस्त्यावर ये, म्हणजे रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे. एका बाजूला समुद्र, चढ, वळण, उतार, वळण, समोरून मासळीचा टेम्पो. दोन वळणांत शंभर-दीडशे मीटर. तिथे कॅरेरा चांगल्या टायरवर असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण उघडता येतं, रस्ता संपायच्या आत गाडीची ताकद संपते. जीटी३ मध्ये पाव पॅडलच्या पुढे जाताच येत नाही. वेळ लावून चालवलंस (लावू नकोस) तर मला नाही वाटत फरक फार पडेल, कारण तिथे रस्ता मालक आहे. हॅरिअर तर रुंदीमुळेच मागे पडेल. त्याच तीन गाड्या मोकळ्या ट्रॅकवर ने, मग जीटी३ पहिल्या फेरीतच डोळ्यांआड जाईल, कॅरेरा मध्ये, आणि हॅरिअर? पहिली पाचशे मीटर कॅरेराला चिकटून, मग हवेचा विरोध, उंची आणि वजन आपापला हिस्सा मागायला लागतील आणि चार-पाच फेऱ्यांनी टायर आणि बॅटरी दोन्ही तापलेल्या असतील. दहावी फेरी पहिल्या फेरीइतकीच मारता येणं, ही शर्यतीतून आलेल्या गाडीची ओळख. नवी असो की जुनी.

शेवटी तू विचारलंस की अशी जुनी एखादी कोकणात ठेवता येईल का. ठेवता येते, लोकांनी ठेवल्यात. पण ई-टाइपसारख्या गाडीत चेसिस वेगळी नसते, पत्राच सांगाडा. दाराखालचे पेटीसारखे भाग खाऱ्या हवेने आतून गंजले की गाडी मधून झुकते आणि दारं लागेनाशी होतात. वर्षाला दोनदा आतून मेण मारायचं, ताडपत्री कधीच अंगाला चिकटवून टाकायची नाही, घाम येतो तिला. पेट्रोल आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं, मिळतं. त्यातला इथेनॉल जुनी रबरी नळी आणि कार्बुरेटरची डायफ्राम-वॉशर मऊ करतो, शिवाय पाणी ओढतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालायच्या आणि जूनच्या आधी टाकी व कार्बुरेटर रिकामे करायचे. आणि ब्रेकचं तेल, ते तर सांगितलंच.

माझ्या शेडमध्ये पद्मिनी आहे, १९८१ ची, चारही ड्रम, टायर नवे रेडियल. वर सड्यावर आमच्या बागेकडे जाणारा सरळ खाजगी रस्ता आहे, गुरं सोडली तर कोणी नसतं. मामा मे महिन्यात येईल तेव्हा हॅरिअर घेऊन ये. चुन्याची रेघ मारू, ताशी चाळीसने येऊन रेघेवर ब्रेक, आणि पुढे किती पावलं गेली ते मोजू. मी आत्ताच वहीत लिहून ठेवतोय, फरक चार मीटर. जुने टायर पण ठेवलेत मी, ते पद्मिनीला चढवून तिसऱ्यांदा मोजू, मग टायरचं मी का म्हणतो ते कळेल. पाऊस पडायच्या आत ये, नंतर सड्यावर शेवाळ धरतं. आणि आजीला घरी ठेवून ये.